टेकचंद आणि निळी कॉइल

माझा भाऊ टेकचंद देवळात जातो, नारळ फोडतो, पण आधी तो नारळ कानाशी धरून हलवतो. तेवढं सगळेच करतात. टेकचंदचं पुढे असं, की आत पाणी वाजलं तरी तो नारळवाल्याच्या तोंडाकडे बघतो आणि हा माणूस आता हसला का, याचा विचार करत पायऱ्या चढतो. देवापुढे हात जोडलेले असतात तेव्हाही त्याचं अर्धं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांत असतं. मी त्याची सख्खी मोठी बहीण आहे म्हणून बोलते. दुसऱ्या कुणी बोललेलं मी ऐकून घेणार नाही.

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या बाजाररस्त्यावर त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाणी देणाऱ्या मोटारी जळतात. त्यांच्या आतली जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची आणि मोटार फिरती करून द्यायची, हा त्याचा धंदा. शेजारच्या गाळ्यात माझी पिठाची चक्की आहे. मधे फक्त एक पत्रा, त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू येतं आणि न आलेलं मी जाऊन विचारते.

हा धंदाच संशयाचा. तांब्याची तार सांगून ॲल्युमिनियमची घातली तर वरून कुणाला कळणार? म्हणून गिऱ्हाईक टेकचंदवर डोळा ठेवून बसतं आणि टेकचंद गिऱ्हाइकावर. मोटार आली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "याच्या अगुदर कोनं खोलली होती?" कुणीच नाही म्हटलं तर तो स्क्रूची खाच नखाने चाचपतो आणि नुसता "हं" म्हणतो. त्या "हं"ने निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.

माणसंही तशीच गेली. धाकट्या भावाशी बांधावरून बिनसलं. त्याने बांध सरकवला असं याला वाटलं. मोजणी झाली, बांध होता तिथेच निघाला. मग याला मोजणीवाल्याचा संशय आला. एका जिवलग दोस्ताशी पान्हा हरवल्यावरून तुटलं, आणि पान्हा पुढे याच्याच स्कूटरच्या डिकीत सापडला, तरी "तिथे कोनं ठेवला?" हा प्रश्न याच्या डोक्यातून गेला नाही. वय पन्नाशीकडे झुकलं. दुकानासमोर उगाच गप्पा मारायला बसणारं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे चिचगडचा कैलाश.

चिचगड इथून लांब, देवरीच्याही पुढे, जंगलातलं गाव. पण कैलाशची सासुरवाडी आमच्या बाजूची. त्याचा साळा हिरालाल बाजारात धानाचं बियाणं विकतो. एकदा सासुरवाडीची जळकी मोटार घेऊन कैलाश आला, दुकानात टेकवली आणि "झाली का सांगजो" म्हणून निघून गेला. तार कोणती घालणार हे विचारलं नाही. समोर बसून राहिला नाही. टेकचंद दिवसभर अस्वस्थ. "बाई, असा कोनी मोटार टाकून जाते का? काहीतरी भानगड आहे याची." आमच्यात मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. मी म्हटलं, "भानगड असन तर तुले सापडनच." त्याने खूप शोधली. कैलाश पुढेही येत राहिला, कधी चारं, म्हणजे चारोळीची फळं, कधी डिंक घेऊन, कधी नुसताच. त्याच्यात शंका घ्यायला जागाच सापडेना, तेव्हा टेकचंदने नाइलाजाने त्याच्याशी मैत्री केली.

आता त्या खेळाचं सांगते. मोबाईलवरचा खेळ, नाव इंग्रजी आणि लांबलचक. आमच्या घरात त्याला भंगाराचा खेळ म्हणतात. तिघातिघांच्या टोळ्या एका उजाड शहरात उतरतात. हातात बंदुका असतात. पडक्या गिरण्या, दवाखाने, गोदामं धुंडाळून पेट्यांतून सामान जमवायचं आणि वेळ संपायच्या आत फाटकातून बाहेर पडायचं. आत इतर टोळ्या टपलेल्या असतात. त्यांनी मारलं तर अंगावरचं सगळं गेलं. जिवंत बाहेर पडलात तर सामान तुमचं, आणि त्यातून तुमच्या अड्ड्यात नवनवीन वस्तू जोडून तयार करायच्या. लोक म्हणे गोळीबारासाठी खेळतात. टेकचंद भंगारासाठी खेळायचा. बेअरिंग, तार, पट्टा असं काही पेटीत दिसलं की याचा चेहरा फुलायचा. दिवसभर तेच हाताळून पुन्हा मोबाईलवर तेच, असं मी म्हणायची, तर म्हणायचा, "बाई, येथं गिऱ्हाईक नाही ना."

त्याच्या टोळीत दुसरा होता नीतू, गोंदियाचा कापडदुकानदार. याने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचा. नीतू खेळ चालू असताना मोबाईलचं चित्र आवाजासकट भरून ठेवायचा आणि नंतर लोकांना बघायला टाकायचा. बघणारे बहुतेक त्याचे मेहुणेच असतील. तिसरा गडी टिकत नव्हता. टेकचंद कुणावरही सामान लपवल्याचा आरोप करून त्याला हाकलायचा. शेवटी होळीच्या सुमारास त्याने कैलाशला ओढलं. कैलाशच्या गावात नेटवर्क शाळेच्या ओट्याशीच मिळायचं. तो तिथे बसून अधूनमधून यायचा, या दोघांच्या मागे चालायचा आणि सांगितलं ते करायचा.

टेकचंदला हवी होती निळी कॉइल. ती मिळाली की अड्ड्यात जनरेटर उभा राहतो. जनरेटर असला की अड्ड्यात उजेड पडतो आणि पुढच्या सगळ्या वस्तू बनवता येतात. बाकी सगळं सामान त्याने कधीचं जमवलं होतं, एवढी एक कॉइल तेवढी कुणाला दिसत नव्हती. हजारोंत एखाद्याला दिसते म्हणे. आयुष्यभर हाताने कॉइली गुंडाळणारा हा माणूस, आणि त्याचा स्वतःचा अड्डा अंधारात. त्याला ते फार लागलं होतं. मला हसू यायचं, पण त्याच्यासमोर नाही.

त्या दुपारी मी चक्की बंद करून त्याच्याकडे चहाला बसले होते. तिघं आत उतरलेले. एका गिरणीमागे पत्र्याची खोली, तिच्यात हत्यारांची पेटी. टेकचंदने पेटी उघडली आणि जागेवरून असा उठला की चहा माझ्या पदरावर सांडला. पेटीत निळा उजेड होता.

"माही आहे!" तो ओरडला. "मी पह्यले पायली! कोनी हात लावजो नोको!"

त्याची झोळी काठोकाठ भरलेली. काहीतरी टाकल्याशिवाय कॉइल बसणार नव्हती. आणि हा टाकायला तयार नाही, बेअरिंग टाकू का पट्टा टाकू, याचाच हिशेब. तेवढ्यात बाहेर गोळ्या सुटल्या. नीतूचा "भैया, जल्दी!" असा आवाज आला, आणि आमच्या बाजाररस्त्याची लाईट गेली. पंखा थांबला, दुकानाचं वायफाय गेलं, मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. टेकचंदने मोबाईल आपटला नाही, एवढंच नशीब.

लाईट आली तेव्हा खेळ संपला होता. निकाल समोर होता. टेकचंदचा गडी उभ्या उभ्या मारला गेला. नीतूही मेला. कैलाश मात्र फाटकातून जिवंत बाहेर पडला होता.

"वाचला!" टेकचंदने मांडीवर थाप मारली. "कैलाशनं आणली, बाई! आणली त्यानं!"

लगेच फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मी शब्द न् शब्द ऐकला.

"कैलाश, कॉइल?"

"आहे ना भाऊ. तथीच ठेवली आहे."

"तथी म्हंजे कोठी? तुह्या अड्ड्यात?"

"नाई बावा, माह्या अड्ड्यात कायले नेऊ? त्या खोलीतच, पेटीत. झाकन लावून ठेवली. तू जाशीन तवा घेजो."

टेकचंदचा चेहरा बदलताना मी पाहिला. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. प्रत्येक डावाला ते शहर नव्याने मांडलं जातं, मागच्या डावातलं तिथे काही म्हणजे काही उरत नाही. हे खेळणाऱ्या लहान पोरालाही माहीत असतं. मग जिवंत बाहेर पडलेला माणूस, रिकाम्या झोळीचा, हजारोंत एक अशी वस्तू पेटीत ठेवून आलो म्हणतो, याचा अर्थ काय घ्यायचा?

"हं," टेकचंद म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.  कैलाशची खैर नाही हे मी तेव्हाच ओळखलं.

त्यानंतर भाऊ माझा कामाला लागला. मोटारी तशाच पडल्या. कैलाश मुद्दाम मागे का रेंगाळला? गोळ्या सुटल्या तेव्हा तो कुठे होता? दोघं मेले आणि हाच कसा वाचला? लाईट नेमकी तेव्हाच कशी गेली? मी म्हटलं, "लाईट काय कैलाशनं चिचगडावरून बंद केली?" तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मीही कटात आहे का असा त्याला प्रश्न पडला असावा. पण खरं सांगायचं तर त्याचे बाकीचे प्रश्न मलाही पटायला लागले होते. गोड वागणाऱ्या माणसाने शेवटी हात मारला, असं जगात होत नाही थोडंच.

नीतूचा फोन आला. या खेळात मेलेल्याला बोलता येत नाही, पण जिवंत उरलेल्या साथीदाराचं त्याला दिसतं आणि ऐकू येतं.

"भैया, उसने नहीं ली," नीतू म्हणाला. "मैं पूरा देख रहा था. वो सच में छोड़ के आया, पागल आदमी."

झालं. टेकचंदने फोन ठेवता ठेवता मला सांगितलं, "दोघंही मिळून आहेत." एका चोराचे दोन चोर झाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कैलाश आला. हातात पळसाच्या पानांत बांधलेली चारं, माझ्यासाठी. सोबत साळा हिरालाल. समोरच्या चहाटपरीवर बाजाराची गर्दी, आणि टेकचंदला कशाची लाज म्हणून नाही.

"भेटला का जनरेटर?" टेकचंदने दुकानातूनच आवाज दिला.

"कोन्ता जनरेटर?" कैलाश हसत म्हणाला. "तू गेलता का पाहाले? आहे ना तथी?"

"मले उल्लू समजून राहिला का बे? तथी काही राहात नाही, हे तुले मालूम नाही? तू काढली, लपवली आणि वरून मलेच सांगून राहिला!"

"मी कायले लपवू, टेकचंदभाऊ? तूच त म्हनला होता, हात लाऊ नोको."

"चोर आहेस तू," टेकचंद म्हणाला. "चोर!"

टपरीवरची माणसं वळली. कशाची चोरी, किती मोठी, हे त्यांना काय माहीत? जावई माणूस, साळ्यासमोर, भरबाजारात चोर ठरला. हिरालालची मान खाली गेली. त्याने कैलाशकडे एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यातही प्रश्न होता, तो मला अजून आठवतो.  कैलाशने चारं माझ्या हातात दिली आणि तो एसटीच्या दिशेने चालू लागला. सासुरवाडीला न जाता तसाच परत गेला, हे मला नंतर हिरालालने सांगितलं. मला भावाचा इतका राग आला, की मी दोन दिवस त्याच्याकडे चहाला गेले नाही.

ते नीतूपर्यंतही पोचलं, आणि टेकचंद त्यालाही चोरात धरतो हेही. गोंदियाचा माणूस, त्याला चोर म्हटलेलं सहन होईना. त्याने त्या दिवसाचं भरून ठेवलेलं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं: देख लो, फिर बोलना.

टेकचंदने मला पत्र्यावर ठोकून बोलावलं. एकट्याने बघायची त्याची हिंमत होत नसावी. आम्ही दोघांनी मिळून बघितलं. गोळीबार संपलेला. टेकचंदचा आणि नीतूचा गडी पडलेला. मारणारी टोळी त्यांच्या झोळ्या उचलून फाटकाकडे पळाली, घाईत खोलीत डोकावली नाही. झुडपातून कैलाशचा गडी बाहेर आला, खोलीत गेला. पेटी उघडीच, आत निळा उजेड. तो तिच्यापाशी बराच वेळ उभा राहिला. मग त्याने झाकण बंद केलं. खोलीच्या दाराशी पडलेले रिकामे डबे, फळ्या, बाटल्या एकेक उचलून लांब नेऊन टाकल्या. जमीन पार मोकळी केली. मग आपल्या हातातली बंदूक, एकुलती एक, त्या पेटीच्या झाकणावर आडवी ठेवली.

आणि त्याचा आवाज आला. मागे शाळेची घंटा वाजत होती.

"नीतूभाऊ, तू आयकत असशीन त साक्षी राहजो. मी हात नाई लावला. टेकचंदभाऊनं पह्यले पायली, त्याची आहे. मी आपली निशानी ठेवून चाललो, म्हंजे दुसरा कोनी घेनार नाई."

मग तो रिकाम्या हाताने फाटकाकडे धावत सुटला. बंदूक नसलेला माणूस, वाटेत दोनदा लपला, आणि कसाबसा बाहेर पडला.

मी भावाकडे पाहिलं. माझे डोळे भरून आले होते. त्याचे बारीक झाले होते.

"हे डबे कायले उचलले त्यानं?" तो म्हणाला. "डबे उचलून काय होते? नाटक आहे, बाई. नीतू भरून राहिला हे मालूम होतं त्याले. काढतानाचं नीतूनं कापून टाकलं असन. मी त्याचा मोबाईलच पाहातो. अड्डा उघडून दाखव म्हनतो. दूध का दूध, पानी का पानी."

त्याला एकट्याला जाऊ दिलं तर हा तिथे काय बोलून बसेल या भीतीने मीही निघाले. देवरीला एसटी बदलली. रस्ताभर हा खिडकीबाहेर बघत होता आणि ओठ हलत होते. कैलाशला काय काय विचारायचं, त्याची उजळणी चालू होती.

घरी कैलाशची आई शकुंतलाबाई भेटली. कैलाश मोहफुलं वेचायला गेला होता. आम्ही पाहुणे, म्हणून म्हातारी स्वतः वाट दाखवायला निघाली. टेकचंदने तिला मधेच विचारलं, "कैलाश हल्ली मोबाईल लई पायते का?" ती म्हणाली, "मोहाचे दिवस आहेत बावा, कोनाले फुरसत आहे?" याने माझ्याकडे सूचकपणे पाहिलं. काय सूचक होतं त्यात, देव जाणे.

गावाबाहेर मोहाची झाडं सुरू झाली. प्रत्येक झाडाखालची जमीन साफ झाडलेली. पालापाचोळा, काडी, दगड, काही म्हणून नाही. भोवती सगळं जंगल पानांनी भरलेलं आणि झाडाखाली तेवढंच स्वच्छ. टेकचंद चालता चालता थांबला.

"हे कोनं झाडलं?"

"ज्याचं झाड त्यानं," म्हातारी म्हणाली. "झाडून ठेवलं का लोकाले समजते, हे झाड यंदा कोनीतरी धरलं आहे. मंग तथी दुसरा नाई वेचत."

पुढे एका झाडाखाली फुलांचा ढीग होता, पळसाच्या पानांनी झाकलेला. वर एक कुऱ्हाड आडवी ठेवलेली. चांगली, धार लावलेली कुऱ्हाड. आसपास माणूस नाही, कुत्रं नाही. टेकचंद ढिगाजवळ गेला आणि सवयीने कुऱ्हाडीचा दांडा चाचपायला वाकला.

"हात नोको लाऊ," म्हातारी म्हणाली. "बकारामचं आहे ते."

"बकाराम कोठी आहे?"

"तो? त्याची बायको भरती आहे दवाखान्यात, भंडाऱ्याले. गेल्या बाजारापासून तथीच आहे तो."

"आन् हे असंच पडून आहे? घरी नेऊन काऊन नाही ठेवत कोनी त्याच्यासाठी?"

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. इतका मोठा माणूस आणि एवढं समजत नाही, असं तिला वाटलं असावं.

"दुसऱ्याचं वेचलेलं आपल्या घरी नेलं त आपन चोर होतो ना, बावा. झाकून द्याचं, आपली निशानी ठेवाची आन् घरी याचं. ही कुऱ्हाड आमचीच आहे. कैलाशनं ठेवली."

टेकचंदचा हात दांड्याशी पोचलेला तसाच राहिला. मग त्याने तो मागे घेतला आणि खिशात घातला. मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याजवळ एकही प्रश्न उरला नव्हता.

कैलाश पुढच्या झाडाखाली उकिडवा बसून वेचत होता. आम्हाला पाहून गडबडीने उठला, हात धोतराला पुसले, माझ्या पाया पडला.  टेकचंदच आधी बोलला. रस्ताभर घोकलेलं सगळं गेलं आणि वेगळंच तोंडातून निघालं.

"कैलाश, त्या खेळात दर डावाले सगळं नवं होते बावा. ठेवलेलं राहात नाही."

"राहात नाई?" कैलाशला खरंच आश्चर्य वाटलं. "पन पेट्या त रोज भरलेल्या दिसतेत."

"त्या नव्या भरतेत."

"हां, ते मले समजलं होतं. मोहाखाली बी रोज नवी फुलं पडतेत. पन निशानी करून ठेवलेलं बी जाते?" त्याने कपाळाला हात लावला. "मंग त माह्यामुळेच गेली तुही कॉइल."

"चुकलो मी," टेकचंद म्हणाला. हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. मोजणीनंतरही नाही, पान्हा सापडल्यावरही नाही.  "बाजारात बोलाले नाही पाहिजे होतं. हिरालालले मी सांगीन. सगळ्याइले सांगीन."

"जाऊ दे ना भाऊ," कैलाश म्हणाला. "चाला, जेवून जा."

आम्ही जेवलो. भात, वरण, आंबाडीची भाजी. कैलाश आग्रह करकरून वाढत होता, टेकचंद नको म्हणत नव्हता. परत आल्यावर टेकचंदने शब्द पाळला. पुढच्या बाजारी टपरीवर उभा राहून त्याने सांगितलं, की चोर कैलाश नाही, चूक माझी. लोक आपला चहा पीत राहिले. कुणाला फारसं काही आठवत नव्हतं. हिरालालला मात्र आठवत होतं. तो हो म्हणाला आणि उठून गेला. तरी मला बरं वाटलं. मिटलं म्हटलं एकदाचं.

त्यानंतर पहिल्यांदा कैलाश दुकानात आला तो मोहाचा हंगाम संपल्यावर. नेहमीसारखा बाकावर बसला. टेकचंदने स्वतः जाऊन चहा सांगितला, मला बोलावलं, भजी मागवली. खेळाचं निघालं तेव्हा कैलाश हसलासुद्धा. नीतूने ते चित्र लोकांना दाखवलं आणि पहिल्यांदाच त्याच्या मेहुण्यांबाहेरच्या लोकांनी बघितलं, म्हणून आम्ही तिघंही खूप हसलो. माझा भाऊ इतका खुशीत मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. एसटीची वेळ झाली, कैलाश उठला, बाकाखालची थैली उचलली.

आणि ती त्याने टेकचंदच्या टेबलावर उलटी केली.

टॉवेल, बायकोसाठी घेतलेल्या बांगड्या, बिस्किटाचा पुडा, औषधाची पट्टी. थैली झटकून रिकामी करून दाखवली. मग सदऱ्याचे खिसे बाहेर ओढले, एक, मग दुसरा. टेबलावर टेकचंदचे स्क्रू, बेअरिंगं, तारेची रिळं पडलेली होती, त्यात त्याचं सामान मिसळू नये म्हणून त्याने ते हाताने एका बाजूला केलं.

"कैलाश, हे काय?" टेकचंद म्हणाला.

"पाहून घे ना भाऊ," कैलाश म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, शोधला, नव्हता. पाहुणा जाताना चपला घालतो तितक्या साध्या मनाने तो हे करत होता. "दुकान आहे. बारीकसारीक सामान राहाते येथं. बरं असते पायलेलं."

"मले नाही पाहाचं. भर ते."

"पाय ना. गाडी चुकन माही."

टेकचंदने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाची पिशवी, कुणाचा बांध, कुणाची मोटार बघायची सोडली नाही, त्याची नजर त्या बांगड्यांवरून पंख्याकडे, पंख्यावरून रस्त्याकडे पळत होती. कैलाश टेबलाला हात टेकवून उभा. थैली भरायला तयार नाही. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

शेवटी माझ्या भावाने मान खाली घातली आणि ते सगळं सामान एकेक करून पाहिलं.

"पायलं," तो म्हणाला.

"हाव," म्हणून कैलाशने थैली भरली आणि गाडी धरायला गेला.